खाकरून येणारे भाऊ

लाइनवर येण्याआधी भाऊ खाकरायचे. सर्दी नव्हती, दमा नव्हता, विडी-तंबाखूचं व्यसन नव्हतं. आमच्याकडे घरातला मोठा माणूस माजघरात शिरताना उंबऱ्यापाशी खाकरतो. आतल्या सुनांना पदर सावरायला, चाललेलं बोलणं आवरायला तेवढी सवड मिळते. तसंच होतं ते. फरक इतकाच की भाऊ ते टेलिफोनवर करायचे, आणि पगारी नोकरीत असताना करायचे.

साखरखेर्ड्याला तेव्हा हातानं चालवायचा बोर्ड होता. गावात फोन असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. आडत्यांची दुकानं, कापसाचं जिनिंग, दवाखाना, दोन-चार बागाईतदार, संपलं. त्यांनी आपल्या घरी हँडल फिरवलं की आमच्या बोर्डावर त्यांच्या नंबरची झडप खट्कन पडायची. आम्ही दोरीचं एक टोक त्या भोकात खुपसायचं, कोण पाहिजे ते विचारायचं, दुसरं टोक दुसऱ्या भोकात खुपसून घंटी द्यायची. आणि एक चावी होती. ती पुढं ओढली की दोघांचं बोलणं आपल्या कानात. चावी लागायचीच. लाइन जुळली का, मध्येच तुटली का, माणसं बोलून मोकळी झाली का, हे आत डोकावल्याशिवाय कळणार कसं? पण त्याच चावीवर अख्ख्या पंचक्रोशीच्या सोयरिकी आणि भांडणं टांगलेली होती, हेही खरं.

मी नव्यानं लागले तेव्हा तरुण होते, बुलढाण्याला शिकून आलेली, आणि स्वतःला अतिशहाणी समजणारी. भाऊ सुलतानपूरचे, बोर्डावर बसून केस पिकलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं, ती चावी दाखवली आणि म्हणाले, "हे दार हाये. जायाची मनाई नाही. पन खाकरून जाय."

"आणि नाही खाकरलं तर?"

"त मंग चोर."

एवढंच माझं ट्रेनिंग. बाकीचं मी बघून शिकले.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. वैशाखात, पत्रा तापून खोलीची भट्टी झालेली असताना, भाऊंच्या कानाला मफलर. मी हसले तर म्हणाले, दिवसभर ऐकायचं नाही म्हणजे कानाले लई काम पडते. दोघांची लाइन जुळली की ते हेडफोन काढून खुंटीला टांगायचे आणि मोठ्यानं, अगदी बेसूर, काहीतरी गुणगुणायचे. चुकूनमाकून शब्द कानावर पडू नये म्हणून. इतकं बेसूर की बाहेर थांबलेली माणसं आपण होऊन लांब जाऊन उभी राहत. "नंबर प्लीज" म्हणायचा नियम होता; भाऊ म्हणायचे, "राम राम, कोन पाहिजे?" तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. भाऊंनी त्यांना नम्रपणे समजावलं की माणसाला आधी नंबर विचारणं आमच्याकडे चांगलं दिसत नाही. साहेबांनी जेवणाचा डबा उघडला आणि तो विषय मिटवला.

स्वतःचा म्हणून एक फोन भाऊंनी कधी केला नाही. बायको लवकर गेली होती, पोरबाळ नव्हतं. दिवसभर गावाला गावाशी जोडून देणारा हा माणूस संध्याकाळी कंदील पुसून, भाकर-ठेचा खाऊन झोपायचा. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता फार वाटतं.

गावातल्या एका बड्या आडत्यानं या खाकरण्याची तक्रार केली होती. कापसाच्या भावाची नाजूक बोलणी चालू असतात, हा माणूस मध्येच खाकरतो आणि पलीकडची पार्टी बिचकते. आडत्या स्वतः आला. भाऊंनी स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि बरं म्हणाले, उद्यापासून नाही खाकरत. आडत्या खूश होऊन पायरीपर्यंत गेला, तिथून परत फिरला. म्हणजे तुम्ही लाइनवर येणारच नाही का, म्हणून विचारलं. येईन ना, भाऊ म्हणाले, यावंच लागते. आडत्यानं बोर्डाकडे पाहिलं आणि "खाकरा बापा, खाकरा" म्हणत निघून गेला. तक्रार पुन्हा आली नाही.

पण म्हणून भाऊ साधुसंत होते असं कोणी समजू नये. रागावलेल्या माणसाला लाइन द्यायची नाही, हा त्यांचा आणखी एक घरचा कायदा होता आणि त्यावरून आमची रोज जुंपायची. एक फोन आमच्या खोलीतच सगळ्या गावासाठी ठेवलेला होता. एखादा तणतणत आला, की भाऊ सांगणार, लाइन बिझी हाये, बसा, पानी प्या. लाइन मोकळी असायची. वाटणीवरून भांडणारे सख्खे भाऊ, रुसलेले जावई, हुंड्याच्या घड्याळावरून पेटलेले व्याही, सगळे आमच्या माठापाशी निवले. मी म्हणायचे, भाऊ, तुम्ही त्याचं ऐकत नाही हे ठीक, पण त्याला बोलूही देत नाही, हे कुठलं राज्य? ते म्हणायचे, रागाचा शब्द तारेतून वापस येत नाही, बाई. मी म्हणायचे, शब्द त्याचा आहे, तुमचा नाही. मग ते गुणगुणायला लागायचे. त्यांच्याशी भांडून जिंकायची सोय नव्हती.

मग एक दिवस शेजारच्या खेड्यातला एक माणूस घामाघूम होऊन आला. डोळे लाल, दारातूनच ओरडायला लागला, मेहकरचा नंबर पाहिजे म्हणून. भाऊंनी नेहमीप्रमाणे माठ दाखवला. तो पाणी प्यायला, पुन्हा ओरडला. भाऊंनी त्याला पुन्हा बसवलं. त्याची बायको अडली होती आणि त्याला डॉक्टरांची जीप बोलवायची होती. शिवाराच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून वाढलेली आमची माणसं. रागावली तरी तेवढ्याच मोठ्यानं बोलतात आणि घाबरली तरी तेवढ्याच. हे भाऊंना माहीत नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी ते चुकले. खरं काय ते कळलं तेव्हा भाऊंनी बाकीच्या लाइनी सोडून आधी मेहकर जोडून दिलं. जीप आली, बाई सुखरूप सुटली. बारशाचे पेढे घेऊन तो माणूस आला, तेव्हा भाऊ मागच्या दारानं निघून गेले. पेढा मी एकटीनं खाल्ला आणि तो गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून कायदा बदलला. तणतणणाऱ्याला ते सरळ सांगू लागले, "लाइन मोकळी हाये. पन तुमी रागात दिसता. पानी पिता, का देऊ?"

गंमत अशी की बहुतेक जण पाणीच प्यायचे.

परवा भाचीनं मला नवा फोन आणून दिला. त्याला बोटाचं कुलूप, चेहऱ्याचं कुलूप, वर आकड्यांचं कुलूप. चोरापासून सांभाळायला पाहिजे हे मलाही कळतं. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना फोनवरूनच लुबाडलं. पण उघडल्यावर तो फोन विचारतो, तुमची नावं-नंबर पाहू का, तुमचं बोलणं ऐकू का, तुम्ही कुठं आहात ते कळू द्याल का. मी नाही म्हटलं. तर पुढं सरकेचना. भाची म्हणाली, अगं मावशी, हो म्हण, सगळेच म्हणतात. मला रागच आला. नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही, तर विचारण्याचं नाटक कशाला? एवढी कुलपं लावलेलं घर, आणि मालकीण मीच उंबऱ्याबाहेर. मी फोन पालथा घातला आणि भाऊंची अशी काही आठवण आली की भाचीनं विचारलं, काय झालं गं. काय सांगणार? एका खाकरणाऱ्या म्हाताऱ्यासाठी डोळे भरून आले, असं?

आता त्या घराचं सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला एका बागाईतदाराचं घर होतं. संत्र्याचा बगीचा, दोन विहिरी, ओसरीवर फोन. कर्ता मुलगा, आणि त्याची आई. तिला गाव मोठ्याबाई म्हणे. त्यांची मुलगी जालन्याकडे दिलेली. नवऱ्याच्या मारापायी ती सासर सोडून निघाली, आणि माहेरी न येता कुठल्याशा शहरात जाऊन राहिली. माहेरी आली असती तर दोन्हीकडच्या माणसांनी समजूत घालून परत नांदायला पाठवली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडे अशी समजूत चार जण मिळून घालतात आणि त्यातले दोघे दाराशी उभे असतात.

दर बाजाराच्या दिवशी दुपारी, गडीमाणसं बाजारात असताना, तिचा परगावाहून ट्रंक कॉल यायचा. आईच्या नावानं. अशा कॉलला पी.पी. म्हणायचे, ज्याचं नाव दिलं तोच माणूस फोनवर आल्याशिवाय आम्ही जोडून द्यायचा नाही. कॉल कुठल्या गावाहून आला ते ऑपरेटरला कळतंच. म्हणजे साखरखेर्ड्यात ते दोघांना ठाऊक होतं, भाऊंना आणि मला.

हे त्या पोरीच्या भावाच्या, घरातल्या त्या कर्त्या मुलाच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तो आला तो दांडगाई करत नव्हे, फार शांतपणे. भाऊंपुढं बसून म्हणाला की एकटी पोर आहे, शहर आहे, उद्या काही बरंवाईट झालं तर आम्हाला कळायचंही नाही. तिच्या भल्यासाठीच विचारतो. भाऊ म्हणाले, भलं तिलाच विचारून घ्या, फोन घरीच आहे तुमच्या. तो उठला. जाताना तेवढाच शांतपणे म्हणाला, "तिचं काही झालं, त पाप तुमच्या माथी, भाऊ."

तो गेल्यावर मी म्हटलं, बरोबर केलंत. भाऊ माझ्यावर उखडले. "ते तू नको सांगू. पोरगी सुखरूप राह्यली, त मी बरोबर. नाही राह्यली त?"

कितीतरी दिवस ते बाजाराच्या दिवशी सकाळपासून ट्रंकच्या झडपेकडे बघत बसायचे. झडप पडली की चेहऱ्यावर रंग यायचा. मग खाकरणं, आईला बोलावणं, जोडून देणं आणि ते भयंकर गाणं. भावाचं बोलणं त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, त्याचंच त्यांना भय वाटे.

आणि एके दिवशी देवळाच्या निमित्तानं मोठ्याबाई स्वतः आल्या. त्यांना कोणी बाहेर एकटं पाहिलेलं नव्हतं. दाराशी उभ्या राहून, पदर तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, पोरगी कुठून बोलते तेवढंच सांगा. मी जाणार नाही, कोणाला पाठवणार नाही. रात्री डोळे मिटले की कुठल्या दिशेला हात जोडू तेच कळत नाही.

मी भाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी सांगतील. आईच ती. माझ्या तर जिभेवर आलं होतं. भाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मोठ्याबाई, मी तिले विचारतो."

पुढच्या बाजाराला कॉल आला. आईला बोलावण्याआधी भाऊ खाकरले आणि म्हणाले, "बाई, मी ऑपरेटर. तुह्या मायनं विचारलं, तू कुठून बोलते. सांगू काय?" पलीकडचं त्यांनी ऐकून घेतलं. मग ते बरं म्हणाले आणि जोडून दिलं. मला म्हणाले, ती नको म्हणते. आईच्या पोटात काही राहत नाही म्हणते.

मोठ्याबाईंना त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील, रडतील. त्या म्हणाल्या, खरं हाये, नाही राहत. त्यानंतरही त्या देवळात जाता-येता येऊन बसायच्या, पण विचारायच्या नाहीत. एकदा मात्र बोर्डाकडे बोट करून म्हणाल्या, तिचा आवाज यातल्या कोणत्या भोकातून येते? बोर्डाला परक्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही, हा नियम भाऊंनी जन्मभर पाळलेला. त्या दिवशी ते खुर्ची सोडून बाजूला झाले आणि त्यांनी ट्रंकचं भोक दाखवलं. मोठ्याबाईंनी त्यावर हळूच तळवा ठेवला, पोरीला ताप आहे का बघतात तसा. मी बाहेर जाऊन उभी राहिले. मला ते बघवलं नाही.

मग पावसाळा सरता सरता मोठ्याबाई तापानं पडल्या. गावात ते पसरलं तसं आमच्याही कानावर आलं. बाजाराच्या दिवशी कॉल आला. घरून सुनेनं सांगितलं, सासूबाईंना उठवत नाही. नियमाप्रमाणे भाऊंनी एवढंच कळवायचं होतं की हवी ती व्यक्ती फोनवर येत नाही. ते खाकरले आणि त्यांनी पोरीला खरं काय ते सांगितलं. ती रडत म्हणाली, आले तर मला परत जाऊ देणार नाहीत. भाऊ नुसते हं हं करत राहिले. मग त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला. लाइन सुटल्यावर ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात एक गाव, एक गल्ली आणि ती तिथं काय काम करते ते सांगितलं. "सांगा म्हनली. फक्त मायले."

तारा दुरुस्त करणाऱ्या आमच्या लाइनमनला बोर्डापाशी बसवून आम्ही दोघं निघालो. दुसऱ्याच्या घरात आजारी बाईच्या खाटेपाशी भाऊ जाऊ शकत नव्हते, म्हणून निरोप मी न्यायचा होता. भाऊ ओसरीवर मुलाजवळ बसले. तो त्या दिवशी बाजाराला गेला नव्हता. आईच्या उशापाशी बसून त्याचे डोळे खोल गेले होते. त्यानं भाऊंसाठी चहा मागवला. मी आत गेले. सुनेला पाणी आणायला पाठवलं आणि मोठ्याबाईंच्या कानाशी वाकले. म्हटलं, पोरीचा फोन होता, भाऊंनी तिला विचारलं, ती सांगा म्हणाली. कुठं राहते ते सांगायला आले आहे.

त्यांनी माझं मनगट धरलं. हात चटका बसेल इतका तापलेला. "सांगा म्हनली? तिच्या तोंडानं?"

"हो."

 बाहेर मुलाचा आवाज येत होता, तो भाऊंना आईच्या औषधाचं काही सांगत होता. त्या आवाजाकडे त्यांनी कान दिला. मग म्हणाल्या, "मंग नको सांगू, बाई."

मला वाटलं तापात बोलतात. मी पुन्हा सांगू लागले तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "तापात मी काय बडबडते, मले समजत नाही. हा रातभर उशाशी बसून राह्यला. चांगला हाये पोरगा, माह्यं सारं करते. पन माह्या तोंडातून निघालं, त हा उद्याच जाईल अन् घेऊन येईल तिले."

"पण तुम्हीच तर इतके दिवस..."

"ती सांगा म्हनली ना? मले तेवढंच पाहिजे होतं."

सून पाणी घेऊन आली. मी त्यांच्या ओठाला पाणी लावलं आणि बाहेर आले. भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली, मुलाला राम राम केला.  गावाच्या उतारावर आल्यावर मीच सांगितलं, जसं घडलं तसं. भाऊ रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कानाचा मफलर त्यांनी सोडला, त्यानंच तोंड पुसलं, आणि म्हणाले, "मले वाटे, तिचं गुपित आपनच राखून बसलो होतो."

मोठ्याबाई त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. त्यांच्यासाठी दिलेलं ते गावाचं नाव मी नेलं तसंच परत आणलं. भाऊ होते तोवर ते आम्हा दोघांत होतं. आता माझ्या एकटीजवळ आहे.